वीस हजारांची पॉवर बँक, तेरा हजारांचा हिशेब

पॉवर बँकेच्या खोक्यावर पुढच्या बाजूला ठसठशीत आकडा असतो: २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर). खोकं उलटं करा. चांगल्या कंपनीचा माल असेल तर बारकोडच्या शेजारी, भिंग घेऊन वाचावं अशा टायपात आणखी एक आकडा सापडतो: 'रेटेड कपॅसिटी १२,५०० एमएएच, ५ व्होल्ट ३ अँपिअर'. मग मधले साडेसात हजार गेले कुठे? दुकानदाराला विचारलं तर 'लॉस असतो हो' एवढंच उत्तर मिळतं. ते पूर्ण खरं नाही. यातला खरा लॉस दोन-सव्वादोन हजारांचा. बाकीचे पाच हजार कुठेही गेलेले नाहीत. मोजायचं माप बदललं, म्हणून ते दिसेनासे झाले.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कुणी म्हणालं की 'वीस हजार पोती आहेत', तर घेणारा पहिला प्रश्न विचारतो, पोतं किती किलोचं? एमएएच म्हणजे पोत्यांची संख्या. व्होल्ट म्हणजे एका पोत्याचं माप. आणि आत धान्य एकूण किती, ते सांगतो वॉट-अवर. पोत्याचं माप न सांगता नुसती पोती मोजून दाखवायची, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे.

आकडे घालून बघू. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, रिकामा होताना ३ च्या आसपास येतो, आणि हिशेबाला सरासरी ३.७ धरतात. म्हणजे २०,००० पोती, प्रत्येकी ३.७ ची. गुणाकार ७४,००० मिलिवॉट-अवर, म्हणजेच ७४ वॉट-अवर. पण साध्या यूएसबी पोर्टातून माल द्यायचा असतो ५ व्होल्टच्या पोत्यांत. ३.७ ची पोती फोडून ५ ची भरली की संख्या १४,८०० होते. दाणा एकही कमी झालेला नाही. फोडताना-भरताना जे सांडतं ते निराळं. आतलं व्होल्टेज वाढवणारं बूस्ट सर्किट साधारण ८५ ते ९२ टक्के माल पुढे पोचवतं, बाकीचा गरम होण्यात जातो. ९० टक्के धरले तर हातात येतात १३,३२०. फास्ट चार्जिंगला हीच बँक ९ व्होल्टची पोती भरते, मग संख्या ७,४०० च होते, तरी धान्य तेवढंच. त्यामुळे बँकेची एमएएचमध्ये तुलना करायचीच नाही. ७४ वॉट-अवर आत, ६६ च्या आसपास बाहेर: एवढे दोन आकडे पुरतात.

आता जाहिरातीतलं 'फोन चार वेळा चार्ज'. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे १९ वॉट-अवर आणि वर थोडं. फोनही आत येणारी पोती पुन्हा फोडतो, त्यात १०-१५ टक्के जातात. एका पूर्ण चार्जला म्हणून २२ वॉट-अवर लागतात. ६६ भागिले २२ बरोबर तीन. चार नाही, तीन. १०,००० ची बँक असेल तर दीड वेळा. चार्जिंग चालू असताना फोनवर मॅच बघत बसलात तर तेवढंही नाही.

वॉट-अवरची सवय लागली की बाकीचे हिशेब पटापट होतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि वायफाय चालू ठेवायचं आहे, तर बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि ६ ते ८ वॉट खातात. ५ चे १२ व्होल्ट करणारी केबल मिळते, तिच्यात आणखी दहाएक टक्के जातात. १०,००० च्या बँकेतून ३३ वॉट-अवर बाहेर येतात, केबलनंतर ३० उरतात, ७ वॉटच्या राउटरला सव्वाचार तास. फक्त एक खोड लक्षात ठेवा. बँक चार्जरला जोडलेली असताना त्याच बँकेवर राउटर चालवायचा विचार असेल, तर वीज जाते-येते त्या क्षणी बऱ्याच बँका आउटपुट सेकंदभर बंद करून पुन्हा सुरू करतात. राउटर रीस्टार्ट होतो आणि ऑनलाइन लेक्चर तुटतं. ही कामं करणारी छोटी 'राउटर यूपीएस' वेगळी मिळते, तीच घ्यावी.

विमानातही हाच आकडा लागतो. लोहगाव विमानतळावर सुरक्षा तपासणीत बघतात ते वॉट-अवर. १०० पर्यंत केबिन बॅगेत चालतं, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते आणि चेक-इन सामानात पॉवर बँक मुळीच नाही. २०,००० ची म्हणजे ७४, निवांत जाते. २७,००० ची सुद्धा ९९.९ वर बसते. ती क्षमता बाजारात दिसते ती याच मर्यादेमुळे.

केबल मध्येच खाते

मोजमापाकडे वळण्याआधी केबलचं बघू, कारण बँकेच्या नावाने होणाऱ्या निम्म्या तक्रारी खरं तर केबलच्या असतात. जुन्या धाटणीच्या यूएसबी केबलच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत '२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी' असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला भाग डेटाच्या तारांच्या जोडीचा, दुसरा वीज वाहणाऱ्या दोन तारांचा. एडब्ल्यूजी हा तारेच्या जाडीचा नंबर; आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.२१३ ओहम रोध असतो. जायची एक तार आणि यायची एक, मिळून मीटरभर केबलला ०.४३ ओहम. दोन अँपिअर वाहिले की ०.८५ व्होल्ट केबलमध्येच पडतात. फोनपर्यंत पोचतात ४.१५. व्होल्टेज पडलेलं दिसताच फोन स्वतःहून करंट कमी घेतो, आणि आपण म्हणतो बँक स्लो आहे. २४ नंबरच्या तारेत हीच घट ०.३४ व्होल्ट. ज्या केबलवर काहीच छापलेलं नाही आणि जी हातात घेतल्यावर सुतळीसारखी हलकी लागते, ती इअरबड्सना ठेवावी.

दुकानात उभ्या उभ्या

तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बँक हातात आली की मीटर लावून बसता येत नाही, पण वजन करता येतं. लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोत साधारण २०० ते २६० वॉट-अवर मावतात. याच्या फार पुढे बाजारातला माल जात नाही, कारण ती रसायनाची मर्यादा आहे. ३७ वॉट-अवरचे सेलच दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचे होतात, मग वर बोर्ड आणि डबा. १०,००० ची खरी बँक म्हणून १८० ते २३० ग्रॅम भरते, २०,००० ची साडेतीनशे ते साडेचारशे. '२०,०००' लिहिलेली चीज तराजूवर १८० ग्रॅम दाखवत असेल तर तिथेच ठेवून निघा. मात्र ही परीक्षा एकाच बाजूने चालते. हलकी म्हणजे खोटी नक्की, पण जड म्हणजे खरी असं नाही. वजन वाढवायला आत वाळूच्या पुड्या आणि लोखंडाचे तुकडे भरलेल्या बँका सापडल्या आहेत.

सुट्या सेलचं आणखी सोपं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा सेल. या मापात जगातले सर्वोत्तम कारखाने ३,५००-३,६०० एमएएचपर्यंत पोचलेत. वेष्टणावर ९,८०० लिहिलेला सेल कुठून आणला हे विचारण्याचीसुद्धा गरज नाही. चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो.

घरी मोजायचं कसं

लागतं काय: पोर्टात मध्ये बसणारा यूएसबी मीटर (व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॉट-अवर चारही दाखवणारा, काही शे रुपयांत मिळतो), १० ओहम १० वॉटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर दोन, एक टाकाऊ यूएसबी केबल, मल्टिमीटर आणि ठेवायला एक फरशीचा तुकडा. रेझिस्टर बुधवार पेठेत किरकोळ भावात मिळतात.

केबलचं ए टोक (जुनं, आयताकृती) ठेवून दुसरं कापा. आत लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार तारा असतात. लाल धन, काळी ऋण, बाकीच्या दोन डेटाच्या. त्यांची टोकं एकमेकांना लागू न देता वेगवेगळी चिकटपट्टीने बंद करा. स्वस्त केबलमध्ये रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटरने ५ व्होल्ट कुठे येतात ते आधी बघा. दोन्ही रेझिस्टर समांतर जोडले की ५ ओहम होतात, म्हणजे ५ व्होल्टला जवळजवळ १ अँपिअर. प्रत्येकावर अडीच वॉट पडतात. १० वॉटचा रेझिस्टर अडीच वॉटला का, असं वाटेल. पण १० वॉट ही त्याची सोसायची मर्यादा आहे, आणि मर्यादेजवळ चालवला तर तो चटका देण्याइतका नव्हे, लाकडी टेबल काळं करण्याइतका तापतो. अडीच वॉटलाही हात लावू नये असाच असतो. म्हणून फरशी.

बँक आधी पूर्ण भरा. दिवे स्थिर झाल्यावर तासभर थांबा. 'नवी आहे, पहिल्यांदा बारा तास लावून ठेवा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला, लिथियमला त्याचा उपयोग नाही. मीटर शून्यावर आणा, बँकेच्या ए पोर्टात मीटर, मीटरमध्ये केबल, आणि वेळ लिहून ठेवा. १०,००० च्या बँकेला साडेसहा-सात तास लागतात. २०,००० ला याच जोडणीने दुप्पट लागतील, म्हणून तिथे चार रेझिस्टर समांतर घाला. २ अँपिअर होतात आणि वेळ पुन्हा तेवढाच. जास्त करंटला बूस्ट सर्किट थोडं जास्त तापतं, त्यामुळे आकडा दोन-तीन टक्के कमी आला तर ते ठीक. खोलीत माणूस असतानाच हे करायचं, रात्री लावून झोपायचं नाही.

चुकतं ते बहुतेक ठरावीक जागी. सी पोर्टाला रेझिस्टर जोडला तर काहीच येत नाही, कारण समोरच्या वस्तूच्या सीसी पिनवर (जोडणी ओळखायच्या पिनवर) ५.१ किलोओहमचा रोध दिसल्याशिवाय सी पोर्ट वीज सोडतच नाही. पोर्ट खराब नसतो, नियमाने वागत असतो. ए पोर्ट वापरा. दुसरं, बँक संपली की मीटरही विझतो. काही मीटर शेवटचा आकडा लक्षात ठेवतात, स्वस्तातले विसरतात. म्हणून दर अर्ध्या तासाला फोटो काढा, किंवा फोन समोर टेकवून टाइमलॅप्स लावा. तिसरं, रेझिस्टरऐवजी फोनच लोड म्हणून वापरला जातो. फोन ८० टक्क्यांनंतर करंट कमी करत नेतो, शेवटी अगदी थेंबथेंब घेतो, आणि बऱ्याचशा बँका ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली काही जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात. मापन अर्धवट राहतं. (इअरबड्स किंवा बँड चार्ज होताना बँक बंद पडते, तेही याच कारणाने. बऱ्याच बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो. माहितीपत्रक फेकण्याआधी ही एवढी ओळ वाचून ठेवा.) आणि चौथं, बँक भरताना मीटरवर आलेला आकडा तिची क्षमता म्हणून धरला जातो. भरतानाही सांडतं. ३७ वॉट-अवरची बँक भरायला ४२-४४ लागू शकतात. मोजायचं ते बाहेर येताना.

हाती आलेल्या वॉट-अवरला खोक्यावरच्या वॉट-अवरने भागा. खोक्यावर नसतील तर एमएएच गुणिले ३.७ भागिले १,०००. १०,००० च्या बँकेतून ३१ ते ३४ आले तर माल चोख. २८ ते ३१ म्हणजे सर्किट सुमार किंवा सेल थोडे कमी, चालवून घेण्यासारखं. २८ च्या खाली आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजा, आणि तेच आलं तर बिल शोधा. समजा '२०,०००' लिहिलेल्या बँकेतून १८ वॉट-अवरच आले. सर्किटची तूट परत मिळवली तरी आत २० च्या आसपास, म्हणजे साडेपाच हजार एमएएचचे सेल. याला लॉस म्हणत नाहीत.

आर क्रमांक काय सांगतो, काय नाही

'बीआयएस आहे ना, मग झालं' असं दुकानात सर्रास ऐकू येतं. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो. इलेक्ट्रॉनिक आणि माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा पहिला आदेश २०१२ चा, आणि पुढे पॉवर बँकही त्यात आल्या. त्यामुळे प्रत्येक बँकेवर 'आर-' आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून बघता येतो. नुसतं 'सापडला' एवढ्यावर समाधान मानू नका. उत्पादक कोण, ब्रँड कुठला, वस्तू कोणती आणि नोंदणी चालू आहे का, हे चारही वाचा. कुठल्या तरी चार्जरचा खरा क्रमांक उचलून बँकेवर छापणं हे काम फार अवघड नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. ही नोंदणी ज्या मानकावर होते, आयएस १३२५२ (भाग १) किंवा त्याच्या पुढचं आयएस/आयईसी ६२३६८-१, ती सुरक्षेची मानकं आहेत. आतल्या सेलला लागू होणारं आयएस १६०४६ हेही सुरक्षेचंच. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही, शॉर्ट झालं तर बँक नीट बंद होईल, हे तपासलं जातं. २०,००० लिहिलंय ते २०,००० आहे का, हा त्या परीक्षेतला प्रश्नच नाही. साडेपाच हजारांचे उत्तम सुरक्षित सेल घालून, रीतसर नोंदणी करून वर वीस हजार छापले तर आर क्रमांक त्याला आडवा येत नाही.

मग आडवं कोण येतं? यायला हवेत वैधमापनाचे, म्हणजे वजनमापांचे, आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंचे २०११ चे नियम. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा संपर्क आणि निव्वळ प्रमाण हे सगळं खोक्यावर लागतं. पॉवर बँकेच्या खोक्यावरचं निव्वळ प्रमाण वाचा. तिथे लिहिलेलं असतं: १ नग. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम, तेलाच्या पिशवीवर लिटर, पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं. आणि जी वस्तू आपण निव्वळ आत किती साठतं एवढ्याचसाठी विकत घेतो, ती कायद्याच्या लेखी एक नग. साबणाच्या वडीसारखं वजन नाही, तर खुर्चीसारखा नग.

आमचं म्हणणं म्हणून साधं आहे. पुढच्या बाजूला, एमएएचच्या आकड्याइतक्याच मोठ्या टायपात, 'बाहेर मिळणारे वॉट-अवर' छापणं सक्तीचं करावं, ठरावीक करंटला आणि ठरावीक तापमानाला मोजलेले. कंपन्यांचा नेहमीचा आक्षेप असतो की आउटपुट व्होल्टेजवर अवलंबून बदलतं. एमएएच बदलतात, हे खरं. वॉट-अवर जेमतेम दोन-चार टक्क्यांनी हलतात, त्याला सवलत ठेवता येईल. खर्चाचाही प्रश्न नाही. वर दिलेलं मोजमाप कारखान्यातल्या कुठल्याही टेस्ट बेंचवर होतंच होतं, आणि रेटेड कपॅसिटी छापणाऱ्या कंपन्यांकडे तो आकडा आजही आहे. फ्रिजच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते आपल्याकडे छापतात आणि त्यावरून लोक फ्रिज निवडतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनवरही असं लेबल आणलंय: एका चार्जमध्ये किती तास आणि किती मिनिटं चालेल ते वेळेत लिहावं लागतं. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या नियमांत ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरायला हवी अशी अट आहे. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये समितीही नेमली. दुरुस्तीचा विषय मोठाच आहे. पण लेबलावर एक आकडा वाढवणं त्याच्या तुलनेत दुपारच्या चहापर्यंत उरकणारं काम.

तोवर तक्रारीचा रस्ता आहे तो वापरावा. बिल, खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, वजनकाट्यावरचा फोटो आणि मीटरचा टाइमलॅप्स एवढं जमा करून आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. घरचं मोजमाप तिथे अंतिम पुरावा ठरत नाही, आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण हातात वॉट-अवर घेऊन गेलेल्या माणसाला 'लॉस असतो हो' म्हणून वाटेला लावणं अवघड जातं.

जुन्या सेलची बँक करणाऱ्यांसाठी

रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारातून लॅपटॉपची मेलेली बॅटरी आणायची, फोडून आतले सहा सेल काढायचे आणि त्यांची पॉवर बँक करायची, हा इंजिनिअरिंगच्या पोरांचा आवडता उद्योग. करू नका असं म्हणून कुणी थांबत नाही, म्हणून निदान नीट करा.

काढलेल्या सेलचं व्होल्टेज आधी बघा. २.५ च्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल बाद. व्होल्टेज याहून बरंच खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी बसून आतल्या आत शॉर्ट करतं. असा सेल चार्ज होतोही, पहिले आठ दिवस चालतोही, तेच त्याचं वाईट आहे. उरलेले ४.२ पर्यंत भरा. भरताना जो हाताला गरम लागेल तो बाद. मग दोन आठवडे नुसते ठेवून द्या. ४.१ च्या खाली उतरलेला बाद. सहातले दोन-तीन राहिले तर बाजार चांगला झाला समजा.

समांतर जोडताना सगळ्यांचं व्होल्टेज ०.०५ च्या आत जुळलेलं हवं. एक ४.१ वर आणि दुसरा ३.५ वर असताना जोडले, आणि दोघांचा मिळून आतला रोध ०.१ ओहम असला, तर जोडल्या क्षणी सहा अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतात. मध्ये कुठलंही संरक्षण नसतं.

सोल्डरिंग गनने थेट सेलवर तार लावू नका. उष्णता आतल्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यापर्यंत जाते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या, किंवा सरळ सेल होल्डर वापरा. आणि सेलचं धन टोक एकदा डोळ्यांजवळ धरून बघाच. मधलं टोपण धन, पण त्याच्या भोवतीची कड ऋण आहे, कारण सगळा डबाच ऋण असतो. दोघांच्या मध्ये असतो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा कागदी वॉशर आणि वरचं प्लास्टिकचं वेष्टण. जुनी पट्टी पकडीने ओढून काढताना नेमकं तेच फाटतं. फाटलं असेल तर नवा वॉशर आणि नवं वेष्टण घातल्याशिवाय तो सेल वापरू नका.

चार्जिंगला सगळे टीपी४०५६ या चार्जिंग चिपचा निळा बोर्ड लावतात. त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्याने करंट १ अँपिअरवर बांधला जातो. म्हणजे १०,००० एमएएच भरायला दहा तासांच्या वर. करंट दहाव्या हिश्श्यावर, १०० मिलिअँपिअरवर आला की चिप समजते बॅटरी भरली. त्याच वेळी बँकेवर काही चालू ठेवलं आणि ते १०० पेक्षा जास्त ओढत असेल, तर चिपला ती खूण कधी मिळतच नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ वर ताणलेला राहतो. या बोर्डावर एकाच वेळी भरणं आणि वापरणं करू नका. बोर्ड घेताना एका चिपचा नको. डीडब्ल्यू०१ ही संरक्षणाची चिप आणि तिच्यासोबत दुहेरी मॉसफेट (वीज तोडणारा स्विच) असलेला घ्या, सेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊ न देण्याचं काम ती जोडी करते.

फुगलेली बँक

डबा बाजूने उघडल्यासारखा दिसतो, टेबलावर ठेवली की डुगडुगते. आत वायू झालेला असतो. दाबून बसवू नका, टाचणीने हवा काढू नका, मिठाच्या पाण्यात बुडवू नका (टोकं गंजतात, सेल पूर्ण रिकामा होईलच असं नाही आणि पाणी मात्र विषारी होतं). चार्जरवरून काढा. पोर्टांवर चिकटपट्टी लावा. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, तळाला कोरडी वाळू, मध्ये बँक, वर पुन्हा वाळू. झाकण घट्ट आवळू नका, वायूला वाट हवी. डबा गॅलरीत सावलीत, गॅस सिलिंडरपासून लांब.

घंटागाडीत ती जाता कामा नये. सुक्या कचऱ्यातून गेलेली बँक आधी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंच्या हाताखाली वर्गीकरणात येते आणि नंतर कचरा दाबणाऱ्या गाडीत. दाबल्यावर काय होतं ते सांगायला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्या जमिनीत गाडणं किंवा जाळणं मना आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून 'परत घेता का' विचारा, किंवा ई-कचरा संकलनाच्या दिवशी न्या. नेताना हातात देऊन तोंडाने सांगा की ही फुगलेली आहे, आणि डब्यावर मार्करने तसं लिहून ठेवा.